आकाशांतून गव्हाच्या पिकाचा अंदाज

शेतकरी आपला गहूं खळ्यावर मोजतो, परंतु त्याची किंमत खळ्यावर ठरत नाहीं. दुसऱ्यांच्या शेतांत काय पिकलें, किंवा काय पिकणार आहे असें व्यापाऱ्यांस वाटतें, यावर ती पुष्कळ अंशीं ठरते. ज्यास ही गोष्ट मळणीपूर्वीं कळली तो भाव चढण्याआधीं माल भरून ठेवतो, किंवा उतरण्याआधीं विकून मोकळा होतो. ज्यास ती मळणीनंतर कळली त्यास दुसऱ्यानें ठरविलेला भाव पत्करावा लागतो. म्हणून पिकाचा अंदाज ही केवळ सरकारी दप्तराची बाब आहे असें आमच्या वाचकांनीं समजूं नये. अलीकडे हा अंदाज बांधण्याच्या कामीं कृत्रिम उपग्रहांनीं घेतलेल्या चित्रांचा उपयोग होत असतो, आणि त्याविषयीं दोन टोंकांचे समज आमच्या कानावर येतात. कोणी म्हणतात, आकाशांतून ओंबींतला दाणा मोजतात. कोणी म्हणतात, हा सगळा कागदी खेळ आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत. या चित्रांत काय दिसतें, काय दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं तें कोठून आणावें लागतें, एवढें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम या विद्येच्या आरंभाचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो शेतकऱ्याच्या नुकसानीचाच इतिहास आहे. इ. स. १९७२ सालीं सोव्हिएट रशियांत बर्फाचें पांघरूण अपुरें पडल्यामुळें हिंवाळी गहूं मोठ्या प्रमाणावर थंडीनें मेला, आणि पुढें उन्हाळ्यांत देशाच्या युरोपीय भागावर अवर्षणाचा घाला पडला. तेथील सरकारनें ही बातमी बाहेर फुटूं दिली नाहीं. जुलै व ऑगस्ट महिन्यांत त्याच्या खरेदीदारांनीं अमेरिकेंतील निरनिराळ्या धान्यकंपन्यांशीं वेगवेगळे सौदे गुपचूप केले व सुमारें ४४ कोटी बुशेल, म्हणजे जवळ जवळ १ कोटी २० लाख टन गहूं विकत घेतला. निर्यातीस उत्तेजन म्हणून अमेरिकेचें सरकार त्या वेळीं व्यापाऱ्यांस साहाय्य देत असे. तें तसेंच चालू राहिलें व त्यापायीं सुमारें ३० कोटी डॉलर सरकारी तिजोरींतून गेले. एका वर्षाच्या आंत गव्हाचा भाव दुपटीच्या वर चढला. टेक्सस व ऑक्लाहोमा या दक्षिणेकडील प्रांतांत गव्हाची कापणी जूनमध्येंच आटोपते. तेथील पुष्कळ शेतकऱ्यांनीं सौद्यांची वार्ता फुटण्यापूर्वींच जुन्या भावानें माल विकून टाकला होता. गहूं त्यांनीं पिकविला, आणि चढलेल्या भावाचा लाभ दुसऱ्यांच्या पदरीं पडला. रशियांतील पीक बुडालें आहे ही एकच गोष्ट त्यांस महिनाभर आधीं कळती, तर त्यांनीं माल थांबविला असता.

योगायोग असा कीं, हे सौदे चालू असतांच, त्याच जुलै महिन्याच्या २३ तारखेस, अमेरिकेनें भूमीची पाहणी करण्यासाठीं एक उपग्रह आकाशांत सोडला. त्यासच पुढें लँडसॅट हें नांव मिळालें. जमिनीपासून ९०० किलोमीटरांहून अधिक उंचीवरून तो फिरे आणि दर अठरा दिवसांनीं त्याच ठिकाणावर परत येई. त्याच्या एका चित्रांत १८५ किलोमीटर रुंदीचा मुलूख मावत असे. परक्या देशाच्या शेतांवर पाऊल न ठेवतां तेथील पिकाचा अंदाज करतां येईल काय, हा प्रश्न १९७२ च्या अनुभवानंतर अमेरिकेस आपोआपच पडला.

आतां या चित्रांची घडण पाहूं. उपग्रहाचें चित्र बारीक चौकोनांचें बनलेलें असतें. प्रत्येक चौकोनांतून परतलेल्या प्रकाशाचा एकेका रंगास एक, असा आंकडा यंत्र नोंदवितें. त्या चौकोनाच्या पोटांत काय काय आहे याचा भेद त्यांत उरत नाहीं. अशा चौकोनास चित्रकण म्हणतात. १९७२ च्या उपग्रहाचा चित्रकण सुमारें ८० मीटर बाजूचा होता. आमच्या मापानें तो ६३ गुंठ्यांचा झाला. अमेरिकेंत शेतकऱ्याचें १६० एकरांचें सलग शेत असतें. त्यांत असे शंभर चित्रकण बसतात, व कांठावरचे सोडले तरी मधले बहुतेक निर्भेळ गव्हाचे मिळतात. उलट आमच्याकडे वाटण्यांनीं तुकडे पडलेल्या जमिनींत त्याच ६३ गुंठ्यांमध्यें वीस गुंठे गहूं, पंधरा गुंठे हरभरा, एक विहीर, दोन बांध आणि उरलेला ऊस असावयाचा. यंत्रास तें सर्व एकच मिश्रण दिसे. म्हणून आकाशांतून पीक मोजण्याची विद्या प्रथम मोठ्या शेतांच्या देशांत यशस्वी झाली यांत नवल नाहीं. पुढें चित्रकण लहान होत गेला. युरोपीय संघानें २०१५ व २०१७ सालीं सोडलेल्या सेंटिनेल-२ नांवाच्या उपग्रहांचा चित्रकण १० मीटर बाजूचा, म्हणजे १०० चौरस मीटरांचा आहे. आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटरांचा. जणूं आमचेंच माप पाहून तो बेतला आहे! अशा दोन उपग्रहांची जोडी दर पांच दिवसांनीं तेंच शेत पाहते, व हीं चित्रें कोणासही विनामूल्य मिळतात.

परंतु चित्रकण कितीही लहान झाला तरी त्यांत गव्हाचा दाणा दिसत नाहीं. दिसतें तें पान. ही गोष्ट नीट ध्यानांत यावी म्हणून प्रकाशाविषयीं थोडें सांगणें भाग आहे. हिरव्या पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशांतील तांबडे किरण शोषून घेतें व त्यांच्या बळावर अन्न तयार करतें. तांबड्याच्या पलीकडे आपल्या डोळ्यांस न दिसणारे अवरक्त नांवाचे किरण आहेत. ते मात्र पानाच्या आंतील पेशींच्या रचनेमुळें मोठ्या प्रमाणावर परत फेंकले जातात. निरोगी गव्हाच्या दाट पिकावरून तांबड्या प्रकाशापैकीं समजा शेंकडा ५ व अवरक्तापैकीं शेंकडा ४५ भाग परतला. मोठ्यांतून लहान वजा केला म्हणजे ४० राहतात. दोहोंची बेरीज ५० होते. ४० ला ५० नीं भागिलें कीं ०.८ हा आंकडा येतो. नांगरलेल्या मोकळ्या जमिनीवरून तांबडा २० व अवरक्त २५ परतला, तर ५ ला ४५ नीं भागून ०.११ येतो. या आंकड्यास आपण हरितांक म्हणूं. भागाकार करण्याचें कारण असें कीं, ऊन कमी असो वा अधिक, दोन्ही किरण जवळ जवळ सारख्याच प्रमाणांत घटतात अगर वाढतात, आणि भागाकारानें तो फरक बराचसा पुसला जातो. टेक्सस प्रांतांतील संशोधकांनीं १९७३ च्या सुमारास पहिल्या लँडसॅटच्या चित्रांवर ही रीत बसविली. पुढें ती जगभर रूढ झाली.

हरितांकाची एक उणीव शेतकऱ्यास चटकन् पटेल. पानें एकावर एक दाट झालीं कीं खालचें पान आकाशांतून दिसेनासें होतें, आणि हरितांक फारसा पुढें सरकत नाहीं. चांगलें पोसलेलें पीक व युरिया अधिक पडून नुसतें माजलेलें पीक, या दोहोंचे हरितांक सारखे येऊं शकतात. माजलेला गहूं वाऱ्यानें लोळतो व खळ्यावर निराशा करतो, हें आम्ही वाचकांस सांगावयास नको.

हिरवें काय आहे हें कळल्यावर तें गहूंच कशावरून, हा पुढला प्रश्न. एकाच दिवसाच्या चित्रावरून त्याचें उत्तर बहुधा मिळत नाहीं; पीक ओळखण्यास त्याचें सबंध पंचांग पाहावें लागतें. पंजाबांत गव्हाचा पेरा मुख्यतः नोव्हेंबरांत होतो. डिसेंबरांत हरितांक चढूं लागतो, फेब्रुवारींत तो शिगेस पोंचतो, मार्चच्या अखेरीस पीक पिवळें पडून तो उतरतो आणि एप्रिलांत शेत मोकळें होतें. मोहरीची चढण याच्या आधीं सुरू होते, व ऐन थंडींत तिच्या पिवळ्या फुलांनीं चित्राचा रंगच पालटतो. बटाटा लवकर निघतो. ऊस तर गव्हाच्या अगोदरही हिरवा व नंतरही हिरवा. हरभऱ्याचें आच्छादन बेतानेंच असतें. अशा चढण-उतरणीवरून यंत्र पिकें वेगळीं करतें. ज्या प्रदेशांत रब्बीस गव्हावांचून दुसरें फारसें नसतें तेथें हें काम सोपें. आमच्या नाशिक-नगर भागांत, जेथें एकाच वस्तीभोंवतीं गहूं, कांदा, हरभरा, ऊस, द्राक्षें आणि घास नांदतात, तेथें तें पुष्कळच कठीण. पंजाबच्या अंदाजाइतका विश्वास या भागांतील अंदाजावर ठेवूं नये असें आम्हांस वाटतें. रब्बीचा एक मोठा फायदा मात्र आहे, तो हा कीं आभाळ बहुधा निरभ्र असतें. खरिपांत ढगांमुळें महिना महिना चित्र मिळत नाहीं. तेथें ढगांच्या आरपार जाणाऱ्या रडार उपग्रहांचा आधार घ्यावा लागतो.

आतां आपण पुन्हां अमेरिकेकडे वळूं. १९७४ सालीं तेथील शेतकीखातें, अवकाशखातें व हवामानखातें यांनीं मिळून गव्हाच्या अंदाजाचा एक मोठा प्रयोग हातीं घेतला. त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास 'लेसी' म्हणत. साध्य असें ठरविलें होतें कीं, दहांतून नऊ वर्षें अंदाज खऱ्या उत्पन्नाच्या शेंकडा दहाच्या आंत यावा. सगळा देश मोजणें शक्य नव्हतें, म्हणून सुमारें ९ किलोमीटर रुंद व ११ किलोमीटर लांब असे नमुन्याचे तुकडे निवडले. ह्यूस्टन शहरीं बसून पारखी मंडळी त्या तुकड्यांचीं वेगवेगळ्या तारखांचीं चित्रें पाहात आणि गहूं कोठें आहे हें ठरवीत. रशियांतील एकाही शेताच्या बांधावर त्यांना उभें राहावयाचें नव्हतें.

येथें एक गोष्ट आम्ही मुद्दाम ठळकपणें सांगतों, कारण लोकांत तिजविषयींच गैरसमज आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून या मंडळींनीं काढला तो गव्हाखालील क्षेत्राचा आंकडा. एकरीं उतारा त्यांनीं चित्रांतून काढला नाहीं. तो त्यांनीं जमिनीवरील ठाण्यांनीं नोंदलेल्या पावसावरून व तपमानावरून, मागील अनेक वर्षांच्या उताऱ्याशीं मेळ घालून काढला. क्षेत्र आकाशांतून आलें, उतारा हवामानाच्या वहींतून आला, आणि दोहोंच्या गुणाकारास अंदाज हें नांव मिळालें. अजूनही या कामाचा सांगाडा बहुतेक असाच आहे.

प्रयोगाचें तिसरें वर्ष १९७७. त्या सालच्या ऑगस्टांत लेसीनें रशियाच्या गव्हाचा पहिला अंदाज सुमारें ९ कोटी ७६ लाख टनांचा केला. हंगाम पुढें सरकला तसा तो खालीं आला व शेवटचा आंकडा ९ कोटी १४ लाख टनांवर स्थिरावला. नोव्हेंबरच्या २ तारखेस ब्रेझनेव्ह यांनीं त्या वर्षीं देशांत सर्व प्रकारचें धान्य मिळून १९ कोटी ४० लाख टन झाल्याचें जाहीर केलें. बाहेरचे लोक याहून बऱ्याच मोठ्या आंकड्याची अपेक्षा करीत होते. पुढें जानेवारींत एकट्या गव्हाचा सरकारी आंकडा प्रसिद्ध झाला तो सुमारें ९ कोटी २० लाख टनांचा. म्हणजे पांच वर्षांपूर्वीं जी गोष्ट पडद्याआड राहिली होती, ती आतां पडदा तसाच असतांही शेंकडा एकाच्या फरकानें कळली. याच प्रयोगांत अमेरिकेच्या स्वतःच्या उत्तरेकडील प्रांतांत मात्र अंदाज कमी येत राहिला. तेथें जमिनीचा ओलावा राखण्यासाठीं गव्हाची एक अरुंद पट्टी व पडीक जमिनीची एक पट्टी अशी आळीपाळीनें लागवड करीत, आणि त्या पट्ट्या ६३ गुंठ्यांच्या चौकोनांत मिसळून जात. शिवाय जव व वसंती गहूं यांचें पंचांग जवळ जवळ एकच असल्यामुळें ते वेगळे होईनात. परक्या मुलखांतील अफाट सामुदायिक शेतें नीट मोजलीं गेलीं आणि घरच्या अरुंद पट्ट्या हुकल्या, हा विनोद नव्हे. लहान शेतांच्या देशानें त्यावरून सावध व्हावयाचें होतें.

हिंदुस्थानचा नियमित कामासाठींचा पहिला भूमिपाहणी करणारा उपग्रह, आय. आर. एस. १-ए, १७ मार्च १९८८ रोजीं रशियाच्या बैकोनूर येथील तळावरून सुटला. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राच्या साहाय्यानें गहूं, भात इत्यादि मुख्य पिकांचें क्षेत्र व उत्पन्न आकाशांतून अजमावण्याचें काम त्याच सुमारास मार्गास लागलें. २००६ सालीं त्यास हवामान व जमिनीवरील पाहणी यांची जोड देऊन मोठें स्वरूप आलें, आणि २०१२ सालीं दिल्लीस पुसा येथें या कामासाठीं स्वतंत्र केंद्र निघालें. त्या केंद्रास प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांचें नांव दिलेलें आहे.

हें नांव घेतलें कीं दुसरें एक नांव मराठी वाचकांनीं आठवलें पाहिजे. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४० नंतरच्या दशकांत पीक-कापणीच्या प्रयोगांस या देशांत शास्त्रीय बैठक दिली. त्यापूर्वीं पिकाचा उतारा नजरेनें ठरे. उभ्या पिकाकडे पाहून हें बारा आणे, हें आठ आणे, असें अधिकारी म्हणत, आणि ज्यास सारा माफ व्हावयाचा तो आठ म्हणे तर ज्यास वसूल करावयाचा तो दहा म्हणे. नव्या पद्धतींत गांव चिठ्ठी टाकून निवडावयाचें, सर्व्हे नंबर चिठ्ठी टाकून निवडावयाचा, शेतांतील तुकड्याचा कोपराही चिठ्ठीनेंच; मग तेवढा तुकडा कापून, मळून, वजन करावयाचें. हा तुकडा केवढा असावा यावरून सुखात्मे व महालनोबीस यांचा मोठा वाद झाला. महालनोबीस यांच्या बंगालमधील पाहण्यांत तुकडे अगदीं लहान असत. त्यामुळें खर्च कमी होतो हें खरें. परंतु तुकडा लहान असला कीं त्याच्या मानानें कांठ लांब होतो, आणि कांठावरचें रोप आंतलें कीं बाहेरचें असा संशय आला तर कापणारा तें आंतच धरतो. त्यामुळें उतारा फुगतो. हें सुखात्मे यांनीं प्रत्यक्ष कापण्या करून दाखवून दिलें. हल्लीं गव्हासाठीं बहुधा पांच मीटर बाजूचा चौरस घेतात. आकाशांतील यंत्र कितीही महाग असो, त्याच्या उताऱ्याच्या सूत्राची पारख शेवटीं अशा चौरसांतील गव्हाशीं ताडूनच होते. चौरस चुकीच्या जागीं आंखला किंवा तराजू खोटा असला तर तो दोष चित्राच्या पाठीवर बसून सबंध जिल्ह्याच्या आंकड्यांत शिरतो.

आतां २०२२ सालच्या गव्हाकडे या, कारण अंदाजाच्या सर्व बाजू त्या एका हंगामांत उघड झाल्या. फेब्रुवारीच्या मध्यास सरकारनें आपल्या दुसऱ्या आगाऊ अंदाजांत देशाचें गव्हाचें उत्पन्न ११ कोटी १३ लाख टन होईल असें प्रसिद्ध केलें. असे सरकारी अंदाज मुख्यतः प्रांतांकडून येणाऱ्या नोंदींवरून बांधतात व उपग्रहाचा आंकडा पडताळ्यासाठीं शेजारीं ठेवतात. तेव्हां पुढें जें झालें त्याचें खापर एकट्या उपग्रहावर फोडणें न्याय्य नाहीं. त्या वेळीं पीक खरोखरच चांगलें उभें होतें. नंतर मार्च उजाडला, आणि १९०१ पासूनच्या नोंदींतील तो सर्वांत उष्ण मार्च ठरला. देशाचें सरासरी कमाल तपमान ३३.१ अंशांवर गेलें व त्या महिन्याचा पाऊस सरासरीहून शेंकडा ७१ नें कमी पडला. उत्तरेकडील गव्हाचा दाणा याच महिन्यांत भरतो. दाणा भरण्यास जितके गार दिवस मिळतील तितका तो टपोरा होतो. ऊन चढलें कीं पीक घाईनें पिकतें, भरण्याचे दिवस कमी होतात आणि दाणा सुरकुततो. पेंढ्या तेवढ्याच, ओंब्याही तेवढ्याच, पण पोतीं कमी. फेब्रुवारीच्या अखेरचें चित्र कितीही स्पष्ट असलें तरी ही हानि त्यांत असणें शक्यच नव्हतें, कारण ती अद्याप घडलेली नव्हती.

मार्चच्या चित्रांत मात्र तिची खूण उमटते. गव्हाचा हरितांक शिगेवरून उतरण्यास नेहमीं जितके दिवस लागतात त्याहून तो लवकर उतरला, तर दाणा भरण्याचा काळ आंखडला असें समजावें. म्हणून शिगेची उंची पाहून उतारा सांगणाऱ्या सूत्रापेक्षां, शिगेनंतरची उतरण व त्या दिवसांचें तपमान हीं दोन्ही पाहणारें सूत्र आमच्या मतें अधिक भरंवशाचें. त्यासाठीं अंदाज तीन-चार आठवडे उशिरां मिळाला तरी चालेल. घाईचा आंकडा मोठा व चुकीचा असण्यापेक्षां तें बरें.

त्या वर्षीं घाईच्या आंकड्याचे परिणाम काय झाले तेंही पाहा. फेब्रुवारीच्या २४ तारखेस युक्रेनवर रशियाची स्वारी झाली, काळ्या समुद्रांतून येणारा गहूं अडला आणि जगांत भाव भडकले. आपल्याकडे गहूं उदंड आहे या समजुतीवर निर्यातीची भाषा चालू झाली. नऊ देशांस व्यापारी शिष्टमंडळें पाठविण्याचा बेत १२ मेच्या सुमारास जाहीर झाला. १३ मे रोजीं निर्यातबंदीचा हुकूम निघाला. १९ मे रोजीं प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या अंदाजांत आंकडा १० कोटी ६४ लाख टनांवर आला होता, व अखेरचा हिशेब १० कोटी ७७ लाखांचा झाला. क्विंटलास २०१५ रुपये हा सरकारी हमीभाव होता, पण खासगी व्यापारी त्याहून अधिक देत असल्यामुळें सरकारी खरेदी आदल्या वर्षीं ४३३ लाख टन होती ती १८८ लाखांवर घसरली. बंदीच्या भरंवशावर भाव खालीं राहिले नाहींत. पुढील जानेवारींत दिल्लीस गव्हाचा भाव तीन हजारांच्या आसपास पोंचला आणि सरकारला आपल्या कोठारांतील ३० लाख टन गहूं बाजारांत आणावा लागला. ज्यानें एप्रिलांत माल विकला, ज्यानें निर्यातीच्या आशेनें मेपर्यंत ठेवला व बंदीच्या आठवड्यांत घाबरून काढला, आणि ज्यास जानेवारीपर्यंत ठेवण्याची ऐपत होती, त्या तिघांचा गहूं एकच असून तिघांची कमाई निराळी झाली. मोठ्या धान्यकंपन्या उपग्रहचित्रें वाचणारीं माणसें पगारी ठेवतात. तेव्हां मार्चमधली उतरण कोणाच्या आधीं ध्यानांत येते हें वेगळें सांगण्याची गरज नाहीं.

भावाशिवाय आणखी एका मार्गानें हा अंदाज आतां शेतकऱ्याच्या दारीं आला आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत २०२३ च्या खरिपापासून भात व गहूं या पिकांचा उतारा ठरवितांना, नुसत्या पीक-कापणीवर न विसंबतां, उपग्रह व तत्सम साधनांनीं काढलेल्या उताऱ्यास किमान शेंकडा ३० वजन देण्याचें ठरलें. याचा अर्थ एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा मंडळाचा उंबरठा उतारा हेक्टरीं २० क्विंटल आहे. कापणी-प्रयोगांत १४ क्विंटल आले, आणि चित्रांवरून १८ क्विंटल निघाले. १४ चे शेंकडा ७० म्हणजे ९.८, व १८ चे शेंकडा ३० म्हणजे ५.४, बेरीज १५.२. केवळ कापणी धरली असती तर तूट ६ क्विंटलांची, म्हणजे शेंकडा ३० ठरली असती. आतां ती ४.८ क्विंटलांची, म्हणजे शेंकडा २४ ठरते. उलट कापणीचा आंकडा कोणी फुगविला असेल तर हेंच चित्र शेतकऱ्याच्या बाजूनें साक्ष देईल. तथापि ज्या वर्षीं पान हिरवें राहून दाणा पोंचट झाला, किंवा कापणीच्या तोंडावर गारपीट होऊन पीक लोळलें, त्या वर्षीं चित्राचा उतारा खऱ्याहून वर राहण्याचा धोका अधिक. अशा वर्षीं मंडळांतील कापणी-प्रयोग ठरल्या नंबरांत, ठरल्या दिवशीं, गांवकऱ्यांच्या समक्ष होतात किंवा नाहीं इकडे आमच्या सभासदांनीं जातीनें लक्ष पुरवावें. तुकडा आंखतांना उभें राहण्यास व वजन पाहण्यास कोणाची मनाई नाहीं.

राहतां राहिली ओळख पटविण्याची गोष्ट. यंत्रास गहूं ओळखावयास शिकवितांना, अमुक नंबरांत यंदा खरोखर गहूं होता अशीं शेंकडों खात्रीचीं उदाहरणें त्यास दाखवावीं लागतात. तीं चुकीचीं निघालीं तर यंत्र कांद्यास गहूं म्हणावयास शिकतें. आमच्या प्रांतांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि सात-बारावर पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून, मोबाइलवर पिकाचें छायाचित्र काढून करावयाची असते. पुष्कळ ठिकाणीं ही नोंद दुसऱ्याकडून, घरबसल्या, मागील वर्षाचेंच पीक लिहून उरकली जाते असें दिसतें. ज्या नंबरांत दोन पिकें आहेत तेथें दोन्ही वेगळीं, आपापल्या क्षेत्रासह लिहावींत. गव्हाच्या कडेनें मोहरीच्या चार ओळी असल्या तर त्या नोंदविण्याची जरुरी नाहीं, पण दहा गुंठे कांदा असेल तर तो गव्हांत मिळवूं नये. गव्हाची नोंद पेरणीनंतर महिन्या-दीड महिन्यानें, शेत हिरवें झाल्यावर व मुदत संपण्याआधीं करावी, म्हणजे छायाचित्रांत पीक ओळखूं येतें.